तरंगता महाल आणि झिजलेली पायरी

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीला सध्या रंग लागतो आहे. काल जिन्याच्या कठड्यावर तपकिरी ऑइल पेंटचा दुसरा हात बसला आणि तो उग्र, गोडसर वास चारही मजले भरून आमच्या घरात शिरला. वासापाठोपाठ तीन वर्षांपूर्वीचा मे महिना आला. तेव्हा आमची मुलगी या जिन्यात तासन्‌तास बसून याच कठड्याचे फोटो काढायची. वळणावर सगळ्यांचा तळवा टेकतो, तिथला रंग उडून लोखंड कसं गुळगुळीत झालं आहे, ते तिला टिपायचं असे. शेजारी विचारायचे, सोसायटीकडे तक्रार करायची आहे का?

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लोखंडी शेडचे अंदाज काढतो. नकाशा समोर आला की त्यात किती टन पोलाद लागेल ते सांगायचं, सत्तावीस वर्षं हेच. अशा माणसाच्या मुलीने ऐरोलीतली चांगली नोकरी सोडून 'मला गेमसाठी जगं काढायची आहेत' असं म्हणावं, हे आधी माझ्या कोणत्याच रकान्यात बसेना. भांडण मात्र मी केलं नाही. एक तारीख दिली. एकतीस मेपर्यंत काम मिळालं तर ठीक, नाहीतर जुन्या कंपनीला फोन करायचा. तिने मान डोलावली. मी तारखांचा पक्का आहे हे तिला ठाऊक होतं.

एकोणीस मेला पुण्याच्या एका स्टुडिओकडून परीक्षा आली. नदीकाठचा एक नाका, म्हणजे उतारू अडवून तपासायची जुनी चौकी, दोनदा काढायचा. एकदा हाय फँटसी, एकदा लो फँटसी. मुदत दहा दिवस. खेळणारा ज्यात एखाद्या पात्राचा अंगरखा चढवून महिनोन्‌महिने भटकतो, त्या रोल-प्लेइंग गेमच्या दुनियेत हे दोन मोठे पंथ आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. हाय म्हणजे तरंगते महाल, चकाकणाऱ्या तलवारी, आभाळाला दोन चंद्र. लो म्हणजे चिखल, धूर, ओलं लाकूड, आणि जादू असलीच तर मिठाइतकी.

हायचं चित्र तिच्या हातचा मळ होता. लोचं मात्र जमत नव्हतं. तीन दिवसांनी तिने मला पडद्यासमोर बसवलं. चित्र देखणं होतं, पण मला ते महालावरच चिखल फासल्यासारखं वाटलं. का, ते सांगता येईना, म्हणून मी मोजायला लागलो.

"हा दरवाजा किती उंच?"

"पंधरा फूट असेल. का?"

"आठ फूट रुंद, चार इंच जाड, साग. सातशे किलोंच्या वर जातो. आणि बिजागऱ्या दोन. पहिल्या दिवशीच निखळेल."

"बाबा, काय यार. या जगात जादू आहे आणि तू बिजागऱ्या बघतोस?"

"जादू माझ्या विषयातली नाही. बिजागरी आहे. आणि मशाली तीन आहेत, सावल्या पाच दिशांना कशा पडल्या?"

ती पडद्यावर बोट ठेवून सावल्या मोजू लागली, आणि मोजता मोजता तिचा चेहरा असा उजळला की मीच दचकलो. स्वयंपाकघरातून हिचा, म्हणजे तिच्या आईचा, आवाज आला, "आता दोघं मिळून एखादा पूलच बांधा."

त्या रविवारी सकाळी आम्ही कल्याणपुढे मोहन्याला गेलो. जुन्या कारखान्याच्या भिंतीपासून थोडं पुढे, उल्हास नदीच्या काठाला दगडी पायऱ्या आहेत. मुलगी फोटो काढत होती, मी टेप लावून मोजत होतो. चौथी पायरी मधोमध नव्हे, डाव्या अंगाला खोल गेली होती. अठरा मिलिमीटर. मी वहीत लिहिलं, 'पाय पडून झिजलेली.'

वरून एक म्हाताऱ्या बाई बघत होत्या. "काय मोजताव? रस्ता रुंद होतोय काय?"

"नाही आजी, चित्र काढायचंय," मुलगी म्हणाली.

"चित्र काढायला टेप लागते?" त्या दोन पायऱ्या खाली आल्या. माझी वही नि माझं बोट, दोन्ही त्यांनी नीट पाहिलं. "अवो, ते पायांनी नाय झालं. हंडा टेकवायचो आमी तिथं. एक डोक्यावर, एक कमरेला. कमरेचा डावीकडं टेकवून दम खायचा. नळ नव्हतं तवा."

माझा आकडा बरोबर होता आणि कारण चूक. मी वहीतली ओळ खोडली. मुलगी त्या पायरीशेजारी उकिडवी बसली आणि आजींना प्रश्नांवर प्रश्न विचारू लागली. हंडा कशाचा, दोर कुठे बांधायचा, पावसाळ्यात कुठली पायरी बुडायची. तासाभराने आजीच म्हणाल्या, "बाय, आता जेवायला तरी जा."

परतताना मी जे बोललो ते मला आजही पटतं. हायच्या जगात वस्तू तिच्या मानाप्रमाणे वाढते. राजाचं सिंहासन घराएवढं, त्याची तलवार माणसाएवढी. लोच्या जगात प्रत्येक वस्तूला माणसाच्या हाताचं, कमरेचं, दमाचं माप असतं. हायमध्ये उजेड वस्तूतूनच येतो. लोमध्ये त्याला तेल लागतं, आणि ते तेल कुणीतरी घालावं लागतं. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे हायमध्ये काहीही कधी दुरुस्त केलेलं दिसत नाही. लोमध्ये सगळ्याला ठिगळ. घोडबंदर रस्त्यावर नव्या मनोऱ्यांच्या जाहिराती बघा, ढगांतली बाग आणि माथ्यावर सोनेरी कळस. आणि मग त्याच ठाण्यात आमच्या इस्टेटमधला तारेने बांधलेला टेम्पोचा सायलेन्सर बघा. दोन्ही पंथ एकाच रिक्षाच्या अंतरावर नांदतात. मी जन्माचा ठिगळवाला, त्यामुळे माझा कौल कुठे असेल ते सांगायला नको.

पण मला खरा धक्का हायनेच दिला. लोचं चित्र उभं राहिलं, तेव्हा मी जोशात तिच्या तरंगत्या नाक्याकडेही वळलो. म्हटलं, एवढा खडक हवेत आहे, खाली निदान चार खांब तरी दे. ती चिडली. "बाबा, इथे तुझा हिशोब चालत नाही." दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी हाक आली. चित्रात खडकापासून जमिनीपर्यंत चार साखळ्या होत्या, ताठ ताणलेल्या.

"आधार दिलास तर," मी म्हणालो.

"आधार नाही. साखळी खालून टेकू देते का? हा खडक वर जायला बघतोय. त्याला धरून ठेवलंय."

मी पडद्याशी वाकलो. कड्या जिथे जमिनीत रुतल्या होत्या तिथली माती उखडून वर आली होती. वर खेचणारा जो जोर कधीच कुठे नव्हता, तो मला त्या मातीत दिसत होता. मग मी कागद ओढला. वर ओढणारा जोर चार साखळ्यांत वाटला, कडीची जाडी काढली आणि तिला सांगितलं की तिने दाखवलेली कडी तुटेल, साडेतीन इंच हवी. तिने वाद घातला नाही, कडी जाड केली. आयुष्यात पहिल्यांदा मी जमिनीवर नसलेल्या वस्तूचा अंदाज काढला होता, आणि मला तो कुठल्याही शेडपेक्षा जास्त आवडला होता.

एकोणतीसला चित्रं गेली. तीस कोरा गेला. एकतीस कोरा गेला. एक जूनला सकाळी ती आंघोळ करून, फोन समोर ठेवून बसली होती.

"कुणाला फोन?"

"ऐरोलीला. मुदत संपली ना."

ती रडत नव्हती, त्रागा करत नव्हती, मी शिकवलं तसं वागत होती. तेच मला सोसेना. मी फोन उचलून खिशात टाकला आणि म्हणालो, "यंदा मे महिना थोडा लांबलाय." ही दारात उभी होती. "अहो, तुम्ही?" एवढंच म्हणाली, आणि चहा टाकायला गेली. त्या दिवशी मी नवी तारीख दिली नाही. ती मुद्दाम दिली नाही, की मला सुचलीच नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चार जूनला पुण्याहून व्हिडिओवर बोलावणं आलं. समोरच्यांनी विचारलं, पायरी डावीकडेच का झिजली आहे? ती दहा मिनिटं बोलत होती. काम मिळालं, पण महालांचं नाही. घागरी, दोर, चुली, अंगणं, असल्या सामानाच्या गटात. मला वाटलं ती हिरमुसेल. तिने घरभर नाचून घेतलं.

तो गेम या वर्षी आला. तो खेळायला मी चोपन्नाव्या वर्षी शिकलो, आणि फार वाईट खेळतो. लांडगे मला रोज मारतात. त्यात एका गावामागे, रस्त्यापासून बाजूला, कुंभाराचं अंगण आहे. तिथे शत्रू नाही, खजिना नाही, कुणी काही सांगणारा नाही. कच्ची मडकी ओळीने वाळत ठेवली आहेत, बस. ते अंगण आमच्या मुलीने अकरा दिवस खपून केलं. धावणारा खेळाडू ते चार सेकंदांत ओलांडतो, तेही तिकडे वळलाच तर. अकरा दिवसांना चार सेकंदांनी भागायला मी बसलो होतो, मग सोडून दिलं. फोनवर तिला विचारलं, "कुणी जात नाही तिथे, मग एवढं केलंस कशाला?"

"गावात घरोघरी मडकी आहेत ना बाबा? ती कुठून तरी आलीच असतील."

त्या खेळात एक दिवस अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. परवा रविवारी सकाळी मी त्या अंगणात पूर्ण एक दिवस थांबलो. उन्हं चढली, ओली मडकी काठाकडून हळूहळू फिकी पडत गेली, सावल्या एका अंगाहून दुसऱ्या अंगाला सरकल्या. मी काहीही मोजलं नाही.