गायकवाड सरांचं इंग्रजी

सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कल्याण कोर्टाच्या आवारात एका दाव्याची पुढची तारीख लिहून घेत होते. तारीख लिहून झाली, पेन बंद केलं आणि मगच विचारलं, "कधी?" पहाटे, झोपेत. आयुष्यभर घाबरत जगलेला माणूस झोपेत गेला, एवढं तरी बरं झालं.

गायकवाड सर डोंबिवलीच्या एका रात्रशाळेत इंग्रजी शिकवायचे आणि कोपरला दोन खोल्यांत राहायचे. आमची ओळख ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, खाडीच्या दाव्यामुळे झाली. एका रसायनांच्या कारखान्याचं सांडपाणी खाडीत सुटत होतं, कोळीवाड्याच्या जाळ्यांत मेलेली मासळी येत होती आणि कोळ्यांची वकील मी. माझं शिक्षण मराठीतून. समोर मुंबईहून येणारे बडे वकील. त्यांच्या एका वाक्प्रचाराचा अर्थ लावेपर्यंत ते तीन वाक्यं पुढे गेलेले असायचे. म्हणून मी रविवारी सकाळी सरांकडे जाऊ लागले. पर्यावरणाच्या खटल्यांत चालणारं इंग्रजी सरांनी कुठून कुठून वाचून पाठ केलेलं होतं. "वकीलबाई, ते म्हणतील, हा अर्ज मान्य केला तर फ्लडगेट्स उघडतील. म्हणजे उद्या जो तो कोर्टात येईल. तुम्ही घाबरायचं नाही. म्हणायचं, इतक्यांचं नुकसान झालं असेल तर यायलाच हवं त्यांनी." हे सांगताना घाबरलेले तेच असायचे. मध्येच उठून गॅस बंद आहे का ते पाहून यायचे. वहिनी आतून म्हणायच्या, "अहो, बंदच आहे. मघाशी तुम्हीच बघून गेलात ना?"

कारखान्याविरुद्ध बोलायला कोळीवाड्यातून एकटी जनाबाई तयार झाली. बाकी घरांतली मुलं त्याच कारखान्यात कामाला होती. प्रकरण हायकोर्टात जाईल या अंदाजानं तिचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत केलं. सरांनी त्यात जीव ओतला. अधिकाऱ्यांनी 'टर्न्ड अ ब्लाइंड आय', म्हणजे कानाडोळा केला. मेलेली मासळी ही 'टिप ऑफ द आइसबर्ग', म्हणजे खरा धोका अजून दिसलेलाच नाही. खाली नेहमीची ओळ, मजकूर मराठीत समजावून सांगितला. सांगितलाही होता; भरभर, वर्गात धडा उरकावा तसा. जनाबाईनं मान डोलावली, अंगठा उठवला आणि पाटी घेऊन बाजार गाठला.

तारखेला समोरचे वकील उठले. "आइसबर्ग? कोळीवाड्यात?" कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी जनाबाईला मराठीतून विचारलं, "बाई, यात तुम्ही काय लिहिलंय?"

"मना काय ठावं सायेब? सरांनी लिवलाय. चांगलाच आसंल."

प्रतिज्ञापत्र बाजूला पडलं. पुढच्या तारखेला बाईच्या स्वतःच्या शब्दांत आणा, नाहीतर अर्ज फेटाळतो, असं साहेबांनी बजावलं. बाहेर सरांचा चेहरा पांढरा पडला होता. "माझ्यामुळे अख्खा कोळीवाडा बुडणार, वकीलबाई..."

"बुडायला अजून तारीख आहे, सर. उद्या येताय ना?"

आले. जनाबाईच्या ओट्यावर बसले. ती बोलायची, सर साध्या इंग्रजीत उतरवायचे आणि लगेच मराठीत वाचून दाखवायचे. एके ठिकाणी त्यांना राहवलं नाही, वाचलं, "आमच्या पोटावर पाय आला."

"हा मी कवा बोलले? पोटाचा नाय काडला मी. निवटी मेली बोलले. जाली धुवली तरी वास जात नाय बोलले."

सरांनी खोडलं. निवटी म्हणजे चिखलातली ती उड्या मारणारी मासळी. तिला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना येत नव्हतं. 'निवटी' तशीच राहिली.

पुढच्या तारखेला साहेबांनी पुन्हा तेच विचारलं आणि जनाबाईनं सगळं सांगितलं, निवटीसकट. समोरचे वकील कागद चाळत राहिले. सांडपाणी सोडायला तात्पुरती मनाई मिळाली. दावा अजून चालू आहे. सर त्या दिवशी आत आलेच नव्हते. फाटकापाशी उभे होते. मनाई मिळाल्याचं सांगितलं तर म्हणाले, "नक्की?" चहा घेताना पुन्हा, "पण नक्की ना?"

त्यानंतर कुणाचाही कागद असो, सर ज्याचा त्याला वाचून दाखवायचे आणि थांबायचे. नुसतं मान हलवणं त्यांना पुरायचं नाही. माझी चिडचिड व्हायची, बाहेर पक्षकार ताटकळलेले असायचे...

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. शोकसभेसाठी शाळेनं इंग्रजीत मजकूर करून पाठवला होता, छापण्याआधी त्यांनी पाहावा म्हणून. मी मराठीत वाचू लागले. "ज्ञानाचा दीपस्तंभ, निर्भय व्यक्तिमत्त्व..."

"निर्भय? हे?" वहिनी म्हणाल्या.

मी खोडलं. "मग काय लिहू?"

त्या म्हणाल्या, "घाबरायचे. पण ज्या कामाला घाबरायचे, तिथे जायचेच."

ते मी इंग्रजीत लिहिलं, मराठीत वाचून दाखवलं आणि थांबले. वहिनी उठल्या, आत जाऊन गॅस बंद आहे का ते पाहून आल्या, आणि खुर्चीत बसत म्हणाल्या, "पुन्हा एकदा वाचा."