गजभिये साहेबांनी न विचारलेली सुरी

सहलीच्या आदल्या रविवारी गजभिये साहेब रांझीतल्या आपल्या घराच्या ओसरीत जुनं वर्तमानपत्र अंथरत आणि आम्हाला चाकू काढायला लावत. ज्याच्याजवळ जे असेल ते सगळं त्या कागदावर ठेवायचं. मग ते चष्मा कपाळावर चढवून एकेक उचलत, अंगठा आडवा फिरवून धार चाचपत, मूठ ओल्या हातातून निसटते का ते पाहत आणि मालकाला म्हणत, "काम सांगा याचं." काम सांगता आलं तर चाकू पिशवीत. नाही आलं तर परत येईपर्यंत त्यांच्या खिडकीत. नेलकटरलासुद्धा यातून सूट नव्हती.

पहिल्या वर्षी आमच्या पाठकांनी इंटरनेटवरून मागवलेला एक लांबलचक चाकू आणला होता. एका बाजूला धार, दुसऱ्या बाजूला करवतीचे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र. साहेबांनी तो दोन बोटांनी उचलला.

"काहून आणला जी हा? अस्वल भेटलं तर त्याला दाखवायला?"

पाठक म्हणाले, जंगलात कशाची गरज पडेल ते सांगता येत नाही.

"सांगता येत नाही तर आणू नका. अस्वल पाहून तुम्ही पळाल आणि पळता पळता हा तुमच्याच मांडीत जाईल."

त्यांचं म्हणणं असं की पाच माणसांत दोन चाकू पुरे. एक अखंड पात्याचा, तळहाताएवढा. दोर, बांबू, काटक्या यांच्यासाठी. दुसरा घडीचा, पण उघडल्यावर आपोआप न मिटणारा, किरकोळ कामासाठी. मुठीला नारंगी दोरी हवीच, नाहीतर पाचोळ्यात पडलेला सापडत नाही. न गंजणारं पातं त्यांना फारसं आवडत नसे. "गंजलेलं घासून काढता येते. याला धार लावायला मात्र दुकान शोधावं लागते, आणि जंगलात दुकान कुठचं जी?"

हे ते मोठ्या रुबाबात सांगत. रांझीच्या कारखान्यात हत्यारं बनवणाऱ्या विभागाचे ते अधिकारी होते, आणि निवृत्त झाल्यावरही आपण अधिकारी आहोत हे विसरले नव्हते. चालताना पुढेच राहायचे. वाट चुकली तर कबूल करत नसत. "इकडून बघायला चांगलं आहे" म्हणायचे. एकदा त्या चांगल्या बघण्यापायी आम्ही चार किलोमीटर जास्त चाललो. मी मोजले होते.

मोजणं हे माझं काम होतं. मी सरकारी कार्यालयात हिशेब तपासतो, त्यामुळे पिशव्यांचं वजन आपसूकच माझ्याकडे आलं. माणशी सहा किलो, वर एक ग्रॅम नाही. स्प्रिंगच्या काट्याला पिशवी अडकवून मी आकडा वाचायचो आणि साहेब खूश होऊन म्हणायचे, "देशकरजींपासून काही लपत नाही." बारा वर्षं आम्ही असेच हिवाळ्यात एकदा बाहेर पडलो. कधी बरगीच्या जलाशयाकाठी, कधी मंडल्याकडच्या सागवनात.

बरगीच्या काठावरच एकदा पाठक पाय धुवायला पाण्यात उतरले आणि कुणीतरी टाकून दिलेल्या मासेमारीच्या जाळ्यात अडकले. घाबरून ते पाय ओढू लागले तसा नायलॉनचा धागा घोट्यात रुतत गेला. पाणी गुडघ्याएवढंच, पण तळाशी गाळ होता आणि ते खाली बसायला लागले होते. साहेब बुटांसकट आत गेले. "हलू नका जी. जाळं तुम्हाला नाही ओढून राहिलं, तुम्ही जाळ्याला ओढून राहिले." त्यांच्या चाकूचं टोक त्यांनी स्वतः घासून गोल केलं होतं. ते टोक कातडी आणि धाग्याच्या मधून त्यांनी सपाट सरकवलं आणि एकेक धागा बाहेरच्या बाजूला कापत गेले. चाकूनं पाठकांना साधं खरचटलंही नाही. संध्याकाळी पाठकांनी संत्री आणि पपई काढली, आपल्या डब्यातल्या पिवळ्या मुठीच्या सुरीनं पपई कापली आणि पहिली फोड साहेबांना दिली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. साहेबांनी फोड घेतली, खाल्ली, गोड आहे म्हणाले. आम्हा सगळ्यांना तो प्रसंग फार चांगला वाटला होता.

ती पिवळ्या मुठीची सुरी वर्तमानपत्रावर कधी ठेवली गेली नाही. पाठकांच्या स्टीलच्या डब्यात ती फळांसोबत असायची, डबा उघडायचा तो थेट जंगलात. आणि नेलकटरचं काम विचारणाऱ्या साहेबांनी तिच्याविषयी कधी चकार शब्द काढला नाही. हे माझ्या लक्षात आलं ते मागच्या हिवाळ्यात, तेही पाठकांची पिशवी सहा किलोच्या वर गेली म्हणून. मी ओसरीतच डबा उघडला, सुरी काढली आणि इतर चाकूंशेजारी कागदावर ठेवली. साहेबांच्याच थाटात म्हणालो, "हिचं काम सांगा."

पाठक म्हणाले, फळांची आहे. मी म्हणालो, फळं साहेबांच्या चाकूनं कापता येतील, तो असतोच सोबत. पाठक म्हणाले, त्यानं काय काय कापलं जातं. मी त्यांना हिशेबच मांडून दाखवायला लागलो: बारा वर्षांत आपण दोर, बांबू आणि एकदा जाळं कापलं, मटण-मासळी सहलीत कधी नेलीच नाही, आणि साहेब तो चाकू प्रत्येक वेळी उकळत्या पाण्यातून काढतात. तेव्हा हे शंभर ग्रॅम कशासाठी?

पाठक चहाच्या कपात पाहत होते. बाकीचे दोघं बुटांच्या नाड्यांकडे. तेव्हा कुठे मला समजलं. आम्ही चौघं सवर्ण, आणि गजभिये बौद्ध. एवढं सोपं होतं ते. दारात गजभिये वहिनी ट्रे घेऊन उभ्या होत्या.

साहेबांनी सुरी उचलली, फडक्यानं पुसली आणि पाठकांच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

"राहू द्या देशकरजी. तिचं काम मला माहीत आहे. म्हणून तर मी विचारत नाही." आणि पुढचा चाकू उचलून म्हणाले, "हा कोणाचा?"

सहलीला आम्ही गेलो. न जाण्याचं कारण कोणाला मोठ्यानं सांगता आलं नसतं. तिथे दुसऱ्या दिवशी दुपारी मी पपई घेऊन साहेबांजवळ गेलो आणि म्हणालो, आज तुमच्या चाकूनं कापा. ते ताडपत्रीचा दोर ताणत होते. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"मला पहिल्या दिवशीच समजलं होतं जी. तुम्हाला या रविवारी समजलं. आता तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी पपई कापू काय?"

मी पपई हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. ती कुठे ठेवावी तेही सुचेना. शेवटी तशीच पिशवीत घालून घरी आणली.

उन्हाळ्यात त्यांनी रांझीचं घर विकलं आणि नागपूरला मुलीकडे जायचं ठरवलं. सामान निघायच्या दिवशी मी गेलो. फाटकाशी ट्रक लागला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हणालो, साहेब, मला फार उशिरा दिसलं.

"पाठकांचं मला काही नाही जी. ते कसे आहेत ते दिसत होतं. मी तुमची वाट पाहून राहिलो होतो. म्हटलं, हा माणूस टूथब्रशचं वजन करते. एखाद्या वर्षी ती सुरी याच्या हाताला लागेल आणि हा विचारेल, ही वेगळी काहून?"

मी म्हणालो, विचारलं मी.

"विचारलं ना. शंभर ग्रॅमसाठी विचारलं."

रागानं नाही बोलले. कपाट आडवं घालू नका म्हणून त्यानंतर ते हमालांवर हिंदीतून ओरडले, तो आवाज याच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. मग ट्रकच्या मागे जाऊन दोर नीट बांधलाय का ते स्वतः ओढून पाहू लागले. मी वहिनींना नमस्कार करून निघालो. त्यांनी नमस्कार केला, या म्हणाल्या नाहीत.

यंदा थंडी सुरू झाल्यावर पाठकांचा फोन आला, सहलीचं कसं करायचं. मी येत नाही म्हणालो. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा ऑफिसात ऑडिट आहे असं सांगितलं. आमचं ऑडिट केव्हाच होऊन गेलं होतं.