वाकलेल्या मुळाची आकृती

एका वर्षी आमच्या शाळेत अख्ख्या आठवीचं हृदय उलटं निघालं. विज्ञानाच्या जर्नलमध्ये डावीकडच्या कोऱ्या पानावर आकृती काढायची असते आणि त्यासाठी आमच्या मुलांची एक ठरलेली युक्ती आहे. वहीच्या कागदावर गोडेतेलाचं बोट फिरवायचं, तो कागद गाइडवर ठेवून आकृती गिरवायची, मग जर्नलच्या पानावर पालथा घालून नखानं घासायचा. आकृती उमटते, पण डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे जाऊन. नावं मात्र गाइडात जिथं छापलीत तिथंच लिहायची. त्यामुळं हृदयाचा डावा कप्पा सगळ्या वर्गानं उजवा ठरवला, आणि विज्ञानाच्या सरांनी पानापानावर बरोबरची खूण करून सहीही ठोकली. मी हे शिक्षकांच्या खोलीत सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

मी चित्रकलेचा मास्तर. शाळेत माझी गत म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा. एरवी कुणी विचारत नाही, पण पंधरा ऑगस्टला फळा रंगवायचा असला, पाहुण्यांचं नाव कापडावर लिहायचं असलं, की माझी शोधाशोध सुरू. मी निवृत्त झालो की माझी जागाही जाणार, ती भरणार नाहीत, हे मला केव्हाच सांगून झालं होतं. तेव्हा गमवायचं काहीच नव्हतं. मुख्याध्यापकांकडे जाऊन म्हटलं, शनिवारचा एक तास द्या, आठवीच्या आकृत्या मी काढून घेतो. ते म्हणाले, "घ्या की. तुमचा तास तसाबी रिकामाच असतो." टोमणा गिळला आणि तास घेतला.

पहिल्याच शनिवारी सांगितलं, पुस्तक घरी ठेवा. रानातून एक रोप मुळासकट घेऊन या, समोर ठेवा आणि दिसतं तसं काढा. नावं तुमची तुम्ही लिहा. पोरं रोपं घेऊन आली, पण हिसका मारून उपटलेली, मुळं रानातच राहिलेली. आणि मूळ समोर नसतानाही प्रत्येकाच्या कागदावर मूळ होतं! सरळ, मधोमध, दोन्ही बाजूंना सारखे फाटे फुटलेलं, पुस्तकातल्यासारखं. मी एकाला विचारलं, हे तुला कुठं दिसलं? तो म्हणाला, "सर, असतंय की ते." त्याच्यावर ओरडलो, मग ओरडल्याचं वाईट वाटलं. पुढच्या वेळी खुरपं घेऊन जा, म्हणून सांगितलं.

पुढच्या शनिवारी एका मुलीनं तुरीचं रोप आणलं. घरी कानडी बोलणारी, वर्गात तोंड न उघडणारी पोरगी. आमच्या बाजूच्या माळावर माती वीतभर, तिच्याखाली मुरूम. तिच्या तुरीचं मूळ थोडं खाली जाऊन काटकोनात वळलं होतं, आडवं पसरलं होतं आणि पुढं एका फटीत पुन्हा खाली शिरलं होतं. तिनं ते तसंच्या तसं काढलं. किडीनं खाल्लेलं पान खाल्लेलंच काढलं. उजवीकडे नावं लिहिली होती, एकाखाली एक. मुळापाशी 'बेरू', कारण घरी तेच म्हणतात. आणि वळणापाशी रेष ओढून लिहिलं होतं, 'इथं मुरूम लागला'.

इतक्या वर्षांच्या नोकरीत असं पान माझ्या हाती आलं नव्हतं. तिनं मान वर केली आणि हळूच विचारलं, "सर, मुळाला कसं कळलं ओ, फट कुठं हाय ते?" म्हटलं, मलाही ठाऊक नाही, पण हे फक्त तूच विचारू शकतेस, कारण तू बघितलंस. ती लाजली. त्या दिवशी मी गावातून घरापर्यंत चालत गेलो तो हवेतच.

त्यानंतर ती सुटलीच. शेळीच्या डोळ्याची आकृती काढून आणली, आतली बाहुली आडवी, चौकोनी. काणीचा रोग पडलेलं ज्वारीचं कणीस काढलं, त्याच्या काळ्या भुकटीला 'हाताला लागते' असं नाव दिलं. मी एकेक आकृती बघायचो आणि मनात म्हणायचो, ही मुलगी काहीतरी होईल. निदान हिची नजर तरी कुणी काढून घेऊ शकणार नाही.

जर्नल तपासणीत तिच्या तुरीवर लाल शाईची फुली आली. खाली शेरा: 'आकृती चूक. मूळ सरळ दाखवा.' मी तावातावानं विज्ञानाच्या सरांकडे गेलो. ते भले माणूस, भांडायला आलेल्याला आधी चहा पाजतील असे. म्हणाले, "सर, तुमचं मला पटतंय. पण बोर्डाचा पेपर तपासणाऱ्याजवळ नमुना असतो. तो त्याच्याशी जुळवून बघतो आणि पुढं जातो. त्याला तुमचा मुरूम कुठून ठाऊक? मार्क तुम्ही देणार का?" तिथून मी रिकाम्या वर्गात जाऊन बसलो. राग त्यांचा नव्हता. राग असा होता की ज्याच्यावर काढावा असा माणूसच सापडत नव्हता.

ती दहावीत गेली तेव्हा तिची आई शाळेत आली, डोक्यावरचा पदर सावरत दाराशीच उभी राहिली. म्हणाली, "सर, तुमी चित्रं शिकविता, लई चांगलं हाय. पर हिचा बाप म्हणतोय, विज्ञानात चांगलं मार्क पडलं तर उमरग्याला कालेजात घालतो, न्हाय तर घरी बसवतो. मग पुढचं तुमाला म्हाईतच हाय. तुमी तिला पेपरातलं काढायला शिकवा." मुलगी मागं उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती.

आता यात मी काय करणार होतो? बघ आणि काढ, असं सांगून तिला चुलीपुढं बसवणार होतो? मी बसलो तिला शिकवायला. जास्वंदाच्या फुलाची आकृती: पाच पाकळ्या, मधे पुंकेसराची नळी, आधी देठ, मग निदलपुंज, सगळं ठरल्या क्रमानं. रेषा फूटपट्टीनं, एकीनं दुसरीला छेदायचं नाही, नावं उजवीकडे. ती सुरुवातीला अडखळायची, म्हणायची, "सर, एखादं फूल समोर ठेवू का?" मी म्हणायचो, नको, वेळ जातो. पेपरात कोण फूल ठेवणार आहे? मन मारून तिचा हात घडवला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणायची सोय नव्हती. घडा चांगला उताणा होता, भरभरून घेत होता.

तिला विज्ञानात भरपूर गुण मिळाले. बापानं शब्द पाळला, उमरग्याला घातलं. मला खरंच आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

परवा दिवाळीच्या सुट्टीत ती घरी भेटायला आली, शाळेतली माझी ही शेवटची दिवाळी म्हणून. धीट झाली आहे, खळखळून बोलते, जीवशास्त्र घेतलंय म्हणाली. माझ्या टेबलावर जास्वंदाचं फूल होतं, कुंपणाजवळचं, एक पाकळी किडीनं पार संपवलेली, दुसरी अर्धी. मला राहवलं नाही. कागद पुढं सरकवला आणि म्हटलं, हे काढ बरं, सहज.

तिनं फुलाकडे एकदा पाहिलं, ओळखीच्या माणसाला रस्त्यात मान हलवावी इतकंच. मग मान खाली घालून काढू लागली. पुन्हा एकदाही वर बघितलं नाही. पाच पाकळ्या, सगळ्या धड. नळी, देठ, सरळ रेषा, उजवीकडे नावं, शुद्ध आणि सुबक. मी कागदावरच्या त्या नसलेल्या पाकळीवर बोट ठेवून विचारलं, ही कुठं आहे? ती फुलाकडे न बघताच म्हणाली, "पाच असत्यात ना सर. चुकलं का कुठं?"

तिचा चेहरा धास्तावला होता. घरी बसायची भीती अजून त्या चेहऱ्यातून गेलेली नव्हती. मी म्हटलं, नाही, काही चुकलं नाही. तिला हायसं वाटलं, वाकून नमस्कार केला आणि एस.टी. चुकेल म्हणून निघाली. कागद टेबलावर राहिला, शेजारी फूल. दोन्हींकडे आळीपाळीनं बघत बसलो. शोधून शोधून एकही चूक सापडेना. मला मार्क द्यायला लावले असते, तर पैकीच्या पैकी दिले असते.