शर्ट धरून बाहेर थांबणारा

डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, छाती मधोमध उघडावी लागेल. बहिणीनं डोळ्यांना पदर लावला. मला मरणाचं फारसं काही वाटलं नाही, पण आपली छाती आता चारचौघं बघणार या विचारानं धडकी भरली. तिथं एक नाव गोंदलेलं आहे, वसंत. चाळीस वर्षं ते मी कुणाला दिसू दिलं नव्हतं. ऐन मे महिन्यातसुद्धा घरात कधी उघडा बसलो नाही.

वसंता पिशोरचा, इथं शहरात मास्तर होता. शहागंजात आम्ही दोघं एका खोलीवर राहायचो. एका जत्रेत त्यानं छातीवर माझं नाव गोंदून घेतलं, मी त्याचं. लई हसलो होतो त्या दिवशी. चार महिन्यांनी कुणीतरी चुगली केली आणि पोलीस आले. आमच्यासारख्यांचं प्रेम तेव्हा कायद्यानं गुन्हा होतं. चौकीत आमचे शर्ट फाडले, नावं मोठ्यानं वाचली, "यातली बायको कोण रे?" म्हणत पट्ट्यानं फोडून काढलं. मी दोन तासांत मोडलो. वसंतानं माझ्यावर जबरदस्ती केली, असा जबाब त्यांनी लिहिला आणि मी खाली सही केली. मला सोडलं, तो आठ महिने आत राहिला. साक्षीला मी गेलोच नाही, म्हणून पुढं सुटला. पण नोकरी गेली ती गेलीच, आणि तो गावाकडं निघून गेला. मी साधं पत्रही लिहिलं नाही. कोणत्या तोंडानं लिहिणार?

काही वर्षांपूर्वी सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा नाही असं ठरवलं. मी बातमी दोनदा वाचली आणि पेपर घडी घालून ठेवला. पेढे कुणाला देणार होतो?

दर महाशिवरात्रीला आमच्या घरचे सगळे वेरूळला जातात. तिथं गाभाऱ्यात पुरुषांनी उघड्या अंगानं जायचं असतं. मी सगळ्यांचे शर्ट हातावर घेऊन बाहेर थांबायचो. दाजी चिडवायचे, "चला, आमची खुंटी आली!" त्यांना वाटायचं, माझा देवावर विश्वास नाही. विश्वास होता हो, म्हणूनच तर आत जायचं धाडस होत नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी एकटाच वेरूळला गेलो. गाभाऱ्याच्या दाराशी मी शर्टाची बटणं काढली. मागं उभा असलेला टोपीवाला म्हातारा म्हणाला, "द्या हिकडं, मी धरतो." शर्ट घेता घेता त्याची नजर माझ्या छातीवर थांबली. मी तळहातानं नाव झाकलं. त्यानं हळूच माझं नाव विचारलं. मी सांगितलं.

म्हातारा माझ्या कानाशी वाकला. मग म्हणाला, "आमच्या पिशोरात वसंत गुरुजी होते. गेल्या पौषात वारले. जवळचं कुणी नव्हतं, शेवटची आंघोळ मीच घातली. तुमचं नाव होतं त्यांच्या छातीवर."

मी दाराची चौकट धरली. त्यानं दंडाला धरून मला सावरलं.

"माझ्याबद्दल काही बोलायचा का हो?"

"कुणी इचारलं तर म्हणायचे, माझा माणूस हाय, शहरात असतो. श्रावणात दर सोमवारी हितं यायचे, उघड्या अंगानं. लाजायचे नाय."

म्हणजे मी महाशिवरात्रीला ज्या दारात शर्ट धरून उभा राहायचो, त्याच दारातून तो श्रावणात माझं नाव घेऊन आत जात होता. मी आत गेलो. पिंडीवर हात ठेवला आणि त्या सहीबद्दल सगळं सांगून टाकलं. मागायचं काही सुचलंच नाही, नुसता रडलो. बाहेर आलो तेव्हा म्हातारा माझा शर्ट हातावर घेऊन उभा होता. त्यानंतर तो दर्शनाला गेला.

त्या माणसाला त्या दिवशी त्या रांगेत कुणी आणलं, याचा शोध मी घेत नाही. मी फक्त झाकणं सोडलं, बाकीचं महादेवानं केलं. वसंताची माफी मात्र त्याच्या जिवंतपणी मागायला हवी होती, ती राहिली ती राहिलीच. तरी जे मिळालं ते माझ्या लायकीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

ऑपरेशन पार पडलं. टाके बरोबर नावाच्या मधून गेलेत. ड्रेसिंग बदलताना दाजींना ते दिसलं. "हे कोण हो?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "माझा माणूस."