पंचेचाळीस अंशांच्या वर

२१ मे, दुपारचे तीन. रक्कम सत्तर हजार रुपये, धनादेशाने. हजर माणसे चार: माझा मोठा भाऊ मधुकर, वहिनी, मी आणि स्कूटर कंपनीचा नागपूरहून आलेला अधिकारी. जागा, दादाच्या अकोल्यातल्या घराची समोरची खोली. इतके नेमके लिहिते आहे, कारण त्या दुपारी मी दादाला शेवटचे पाहिले. एकोणिसाव्या दिवशी, ९ जूनला सकाळी, तो गेला. वहिनींचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला माझ्या स्वयंपाकघरात होते, आणि दादाशी मी अबोला धरलेला होता.

त्या दुपारी अधिकाऱ्याने पन्ह्याचा पेला एका दमात संपवला, कूलरसमोर खुर्ची ओढली आणि रुमालाने मान पुसत म्हणाला, "काय ऊन आहे हो तुमच्या अकोल्यात!" दादा उठला. अंगणात त्याने स्वतः करून घेतलेली पांढरी, झरोक्यांची लाकडी पेटी होती, तिच्यात तापमापक. तो पाहून आला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "पंचेचाळीस पूर्णांक चार. साहेब, तुमची वॉरंटी संपली." वहिनी पदराआड हसल्या. मला हसू आले नाही. टेबलावर सत्तर हजारांचा धनादेश होता आणि त्याच्याशेजारी तक्रार मागे घेतल्याचा कागद. दादाने फक्त सही करायची होती.

दादाने एकतीस वर्षे हवामान वेधशाळेत निरीक्षकाची नोकरी केली. सकाळी ठरल्या वेळी, दुपारी ठरल्या वेळी जायचे, पारा डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायचा, दशांशासकट लिहायचा. माझ्या लग्नाच्या दिवशीही तो मांडवातून उठून आकडा घ्यायला गेला होता आणि आमच्या आत्याने त्याला सगळ्यांदेखत झापले होते. निवृत्तीनंतर ती पेटी अंगणात आली, एवढाच फरक. कुणी "आज लय गरम हाय" म्हटले की तो विचारायचा, "लय म्हंजे किती?" माणसे वैतागायची. मीही वैतागायचे. पण घरखर्चाचा हिशेब पैशापर्यंत लिहायची सवय मला त्याच्यामुळेच लागली, हे मान्य केले पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी पाडव्याला त्याने विजेवर चालणारी स्कूटर घेतली. दुकानदाराने छाती ठोकून सांगितले होते, बॅटरीला तीन वर्षे बघायचे काम नाही. दुसऱ्याच वर्षी मे महिन्यात स्कूटर भर बाजारात बंद पडली. सर्व्हिस सेंटरवर एक फॉर्म भरून द्यायचा होता. त्यात एक रकाना होता: दोष आला त्या वेळचे बाहेरील तापमान. तिथला मेकॅनिक भला माणूस. तो हळूच म्हणाला, "काका, चाळीस-एक्केचाळीस लिवा. सगळे तेच लिवतात." दादाला राग आला. "चाळीस तर सकाळी दहालेच होऊन जाते! मी काहून चाळीस लिहू?" आणि घरी येऊन, पेटी पाहून, त्याने लिहिले: ४५.८.

आठ दिवसांनी उत्तर आले. पंचेचाळीस अंशांच्या वर वापरलेल्या बॅटरीला वॉरंटी लागू होत नाही. नवीन बॅटरीचे बासष्ट हजार चारशे रुपये भरावेत. ही अट दुकानातून मिळालेल्या पुस्तिकेत कुठेच नव्हती. कंपनीच्या संकेतस्थळावर, इंग्रजीत, खूप खाली होती. दादाने पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली, मग मला फोन केला. "शोभे, हे अकोल्यात गाड्या विकून राहिले आन् अकोल्याच्या उन्हाले वॉरंटी नाई म्हनतात. मंग गाडी काय थंडीपुरती देली का?" मी तेव्हा म्हणाले ते मला आठवते... "दादा, चाळीस लिहिले असते तर काय बिघडले असते?" त्याने फोन ठेवून दिला.

पण चाळीस लिहिणाऱ्यांचेही भले झाले नव्हते, हे लवकरच कळले. सर्व्हिस सेंटरच्या बाहेरच त्याला गजानन भेटला. बार्शीटाकळीकडचा फुलमाळी. रोज पहाटे शेवंती, झेंडू स्कूटरवर लादून अकोल्याच्या बाजारात आणायचा. स्कूटर कर्जावर घेतलेली, हप्ते चालू. त्याची बॅटरी १२ मेला गेली होती आणि मेकॅनिकच्या सांगण्यावरून त्याने ४१ लिहिले होते. कंपनीने त्याला कळवले की त्या दिवशी जिल्ह्यात तापमान पंचेचाळीसच्या वर होते, म्हणजे तुम्ही खोटी माहिती दिलीत, म्हणून वॉरंटी रद्द. खरे लिहा, रद्द. खोटे लिहा, रद्द. दादाने अशी आणखी सहा माणसे शोधून काढली. आठ जणांनी मिळून ग्राहक आयोगात एकच तक्रार केली. गजानन सुनावणीच्या तारखांना यायचा, घरी आला की "काकू, हे घ्या" म्हणून वहिनींच्या हातात शेवंतीची पुडी द्यायचा. फुले आता तो ऑटोने आणत होता. भाडे रोजचे एकशे वीस रुपये, आणि न चालणाऱ्या स्कूटरचा हप्ता वेगळा.

मग या जानेवारीतली ती सुनावणी झाली. मी हजर होते. कंपनीच्या वकिलांनी दादाला विचारले, "आपण निवृत्त निरीक्षक आहात. आपली नोंदवही आहे. १२ मेला दुपारी तापमान किती होते?" गजानन माझ्या पुढच्या बाकावर बसला होता. त्याची मान ताठ झालेली मला दिसली. दादाने नोंदवही उघडली. "शेचाळीस पूर्णांक एक."

"म्हणजे तक्रारदाराने लिहिलेले एक्केचाळीस खोटे आहे?"

"आकडा चुकीचा हाय," दादा म्हणाला. "पन तो तुमच्याच मेकॅनिकनं सांगितलेला हाय. आन् आता माहं बी एक लिहून घ्या, साहेब. इथल्या मे महिन्यात पंचेचाळीसच्या आतले दिवस शोधत फिरा लागते. गाडी विकताना तुमाले हे मालूम होतं का नव्हतं?"

वकील नुसते हसले. त्यांना हवे ते मिळाले होते. बाहेर व्हरांड्यात गजाननने दादाला अडवले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागले. "वही घरी राह्यली म्हनता आलं असतं, काका. एवढंच म्हनाचं होतं."

"वही पिशवीत होती, गजानन."

"तुमाले पेन्शन हाय, काका. मले नाई."

त्यानंतर गजानन दादाच्या घरी आला नाही. तारखेला यायचा, लांब उभा राहायचा. वहिनींनी एकदा हाक मारली तर मान हलवून निघून गेला. दादाचे जेवण कमी झाले होते. मी म्हणाले, वकिलाने विचारले होते, तू तरी काय करणार? तो म्हणाला, "मी खरं बोललो. पन त्याचं भाडं रोज एकशे वीसच लागून राहिलं."

आता २१ मेची ती दुपार पुन्हा सांगते. युक्तिवाद संपले होते, निकाल यायचा होता. बाकीच्या सातही जणांनी फॉर्मवर कमी आकडे लिहिलेले. खरा आकडा एकट्या दादाचा. तो बाजूला झाला की उरलेल्यांना खोटारडे ठरवणे सोपे होते. म्हणून अधिकारी एवढ्या उन्हात आला होता. त्याने ते सरळ सांगितले नाही, पण म्हणाला, "सर, तुमची केस वेगळी आहे. तुम्ही प्रामाणिक आहात. कंपनी प्रामाणिक ग्राहकांचा सन्मान करते."

दादा म्हणाला, "बाकीच्या सातांचे चेक आनले का?"

"सर, त्यांचा विषय वेगळा..."

"मंग पन्हं घ्या अजून थोडं, आन् निघा."

अधिकारी गेल्यावर मी दादाला नको ते बोलले. हिशेब मांडून बोलले. बॅटरीपेक्षा सात हजार सहाशे जास्त मिळत होते. निकाल विरुद्ध गेला तर शून्य. वकिलाचा खर्च, दोन वर्षे, तुझा रक्तदाब, आणि हे सगळे कोणासाठी, जो तुझ्याशी बोलत नाही त्याच्यासाठी? दादा म्हणाला, "तो बोलत नाई, हे बरोबर हाय. पन माह्या आकड्यानं तो अडकला. आता त्याच आकड्यावर मी एकटा सुटू का?" मी पिशवी उचलली आणि संध्याकाळच्या बसने अमरावतीला परतले. तो स्टँडपर्यंत यायला निघाला होता, मी नको म्हणाले. पुढचे एकोणीस दिवस फोन केला नाही. त्याचे दोन फोन आले होते, ते उचलले नाहीत... हे कुणाला सांगितले नव्हते. इथे लिहिते आहे.

त्याच्या जाण्यानंतर दोन आठवड्यांनी निकाल लागला. आयोगाने म्हटले की जिथे दर उन्हाळ्यात पारा या मर्यादेच्या वर जातो तिथे ही अट न सांगता वाहन विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे; त्यामुळे फॉर्मवर कोणी कोणता आकडा लिहिला याला महत्त्व उरत नाही. तापमानाचा पुरावा म्हणून एकच कागद धरला होता, दादाची नोंदवही. तिच्यात १२ मेचा आकडाही होता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वकिलांच्या कार्यालयात धनादेश मिळाले. दादाच्या जागी वहिनी, सोबत मी. गजाननही आला होता. वहिनींना पाहून तो उठून उभा राहिला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. वहिनींच्या पावतीवर दोन साक्षीदार लागत होते. एक मी झाले. दुसरा कोण, म्हणून वकिलांनी इकडे तिकडे पाहिले, तेव्हा तो पुढे आला. सही करण्याआधी त्याने कंपनीकडून छापून आलेली पावती बोट ठेवून वाचली. वाचता वाचता थांबला.

"काकू, इथं लिवलं हाय, 'पूर्ण समाधानाने स्वीकारली'."

"असू दे रे, छापील असते," वकील म्हणाले.

"काकू, तुमचं समाधान झालं का?"

वहिनींनी नाही म्हणून मान हलवली.

"मंग 'पूर्ण समाधानाने' हे दोन शब्द चुकीचे हायेत. खोडा."

वहिनींनी पेन घेऊन ते दोन शब्द खोडले, शेजारी सही केली, आणि खाली गजाननने केली. कंपनीने प्रत्येकी बॅटरीचे बासष्ट हजार चारशे आणि त्रासाबद्दल पाच हजार, असे सदुसष्ट हजार चारशे रुपये आठ जणांना दिले: सात जणांना त्यांच्या नावे, आणि आठवे मधुकर यांच्या पत्नीला.