दिरांच्या चेंडूची तीन भोकं

माझे धाकटे दीर सैन्यातून घरी आले ते एक ट्रंक, एक वळकटी आणि खोक्यात एक काळाभोर चेंडू घेऊन. पंचाहत्तर साल असेल. कराडजवळच्या आमच्या गावात सगळ्यांना वाटलं, तालमीत उचलायची दगडी गुंडीच आणली. दिरांनी समजावलं, की हा साहेबलोकांच्या क्लबातला खेळ. चेंडू बोटांत धरून लोळवायचा आणि दहा दांडकी पाडायची. हात शाबूत होता तेव्हा त्यांच्या साहेबांनीच त्यांना तो शिकवला होता. निरोपाला साहेबांनी नवा कोरा चेंडू दिला, भोकं मात्र पाडली नाहीत. ज्याच्या त्याच्या हाताच्या मापानं ती पाडायची असतात म्हणे.

आणि घोडं तिथंच अडलं होतं. सीमेवर दिरांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली होती. तो हात ते कायम टॉवेलात गुंडाळून ठेवत, जेवतानासुद्धा. कुणी विषय काढला की उठून मळ्यात जात.

माझं माहेर मिरजेचं. आमच्या आळीत तंबोरे करणारे एक चाचा होते. खुंट्यांची भोकं पाडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मी माहेरी निघणार म्हटल्यावर दिरांनी हळूच चेंडू आणि घडी घातलेला कागद माझ्याकडे दिला.

कागदावर पेन्सिलीनं पंजा गिरवला होता. पाचही बोटांचा! डावा हात ठेवून गिरवायचा आणि कागद उलटा धरायचा, म्हणजे झाला उजवा. आधी मला हसू फुटलं, मग माझाच राग आला.

मी काही कमी नव्हते. बेंदराच्या सणाचे बैल करायला माती मळलीच होती. तिचा चेंडूएवढा गोळा केला आणि दिरांना हाक मारली.

"अहो भाऊजी, जरा उचलून बघा, पाणी जास्त झालंय का. उजव्या हातानं बघा, डाव्याला काय कळतंय?"

"येवढा मोठा बैल करनार व्हय, वयनी?"

"हत्ती करणार आहे!"

त्यांनी टॉवेल सोडून गोळा उचलला. अंगठा, पहिलं बोट आणि करंगळी मातीत छान रुतली. गोळा मी दोन दिवस उन्हात वाळवला आणि चेंडूबरोबर पिशवीत घातला. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "दोन कलिंगडं व्हय?" मी म्हटलं, "एक कच्चं आहे."

चाचांनी कागद आणि गोळा शेजारीशेजारी ठेवले. "बेटी, हे दोन निराळे हात आहेत. भोकं कुठल्या हाताची पाडू?"

कागद निवडला असता तर दिरांची लाज राहिली असती आणि चेंडू जन्मभर खोक्यात. मी गोळ्यावर बोट ठेवलं. चाचांनी गिरमिट घेतलं.

परत आल्यावर खळं सारवून बाभळीची दहा दांडकी उभी केली. अर्धा गाव जमला. दिरांनी टॉवेलाखालूनच भोकं चाचपली आणि माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मी पदर तोंडाला लावला. सगळ्यांसमोर माघार कशी घेणार? त्यांनी बोटं दाबून बसवली, हात मागं नेला आणि जोरात फेकला. चेंडू सुटलाच नाही! चेंडूमागं दीरच खळ्यात पालथे.

वाळली की माती आकसते. बैल करणाऱ्या मला हे कळायला नको?

मग करडईचं तेल आलं. टॉवेल कधीच गळून पडला होता. चौघांनी चेंडू धरला, मी तेल सोडत होते आणि अख्खा गाव तो हात बघत होता. एकदाची बोटं सुटली.

"वयनी, माजा कागद कुटं हाय?"

"चुलीत घातला."

टॉवेल पायाशीच होता, तो दिरांनी उचलला आणि चेंडूच्या भोकांतलं तेल पुसलं. मग बोटांच्या नुसत्या टोकांवर चेंडू पेलून हलकेच सोडला. सहा दांडकी आडवी झाली.

"बोटामागं दोन!" ते ओरडले, आणि तीन बोटांचा तेलकट पंजा त्यांनी सगळ्या गावापुढं वर धरला.