खिडकीकडची बाजू

हॅलोमावशींनी सारी नोकरी टेलिफोनच्या बोर्डावर काढली. लोक त्यांना त्याच नावाने ओळखत. "चेहरा विसरेन, आवाज नाही," असं त्या म्हणत, आणि ते खरं होतं.

यजमान गेल्यापासून मात्र एक शब्द त्यांनी तोंडातून काढला नव्हता. "अहो." जग ही हाक कुणालाही मारतं, त्यांच्या घरात ते एकाच माणसाचं नाव होतं. म्हणून दूधवाल्याला त्या 'दादा' म्हणत, पोस्टमनला 'भाऊ', आणि हाक मारायला काहीच सुचलं नाही तर नुसत्या खाकरत.

न्हाणीघर पॅसेजच्या टोकाला होतं. तिथे जाताना त्या पडल्या, गुडघा धरला, तेव्हा सुनेने विषय लावून धरला. "आई, तुमच्या बेडरूममध्येच बाथरूम काढू." पण सांडपाण्याचा पाइप खिडकीबाहेर होता, म्हणजे बाथरूमही खिडकीकडेच काढावं लागणार. ती बाजू यजमानांची. पलंग तिथेच होता. शेवटचा श्वासही तिथलाच. मावशी हो म्हणाल्या खऱ्या, पण पलंग सरकवला तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

विटांची भिंत उभी राहिली. एका दुपारी चहा गाळताना, हात गुंतलेले असताना, शब्द निसटलाच. "अहो, चहा!"

"आलो गं," भिंतीमागून उत्तर आलं.

आणि पुढच्या दारातून मिस्त्री आत आला, खांद्यावर टाइल्सचा खोका. "मला हाक मारलीत, बाई?"

गाळणं हातातून सुटलं. मिस्त्री त्यांना 'गं' कशाला म्हणेल? आणि तो आवाज त्यांना ओळखू येऊ नये, असं होणं शक्यच नव्हतं.

"रिकामी जागा घुमते, आई," सून म्हणाली.

"घुमली असती तर 'अहो' परत आलं असतं. 'आलो गं' कुठून आलं?"

सुनेने सांडलेला चहा पुसला. मात्र त्यानंतर कपडे वाळत घालायलाही ती त्या खिडकीशी एकटी जाईना.

मावशींनी कामात चुका काढायला सुरुवात केली. टाइल्सचा रंग भडक आहे, उतार उलटा आहे, नळ खाली झालाय. काम संपलं की ती जागा पक्की बाथरूम होणार, मग तिथे कोण राहणार? भिंत अर्धवट आहे तोवर त्यांना आशा होती. पुन्हा हाक मारायचं धाडस मात्र होत नव्हतं. उत्तर आलं तरी भीती, नाही आलं तरी भीती.

"बाई," मिस्त्री वैतागून म्हणाला, "माझी पोरगी सासरी जाऊन बाळंतपणाला परत येईल, तुमची मोरी काही संपायची नाही."

"मग नातवाला घेऊनच या," मावशी म्हणाल्या.

एका सकाळी पॅसेजमध्येच त्यांचा गुडघा अडकला. त्या जमिनीवर बसल्या त्या बसल्याच. मुलाने त्यांना लहान मुलासारखं उचललं. त्याची छाती धडधडत होती आणि मावशींचा कान नेमका तिथेच टेकला होता. आवाजाची पारख असलेल्या बाईला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"मिस्त्री, उरकून टाका," त्या म्हणाल्या.

टाइल्स बसल्या. पाणी ओतून उतार पाहिला. शेवटी दार लागलं. मिस्त्री स्क्रू दातांत धरून म्हणाला, "कडी आतून एक, बाहेरून एक. रीतच आहे."

"बाहेरून नको."

"अहो बाई, बाहेरून कडी नसली तर दार आपोआप उघडेल. पाल येईल, वास येईल खोलीत. आणखी काय काय येईल."

मावशींनी बंद दारावर तळवा ठेवला.

"येऊ दे की," त्या म्हणाल्या.